थांब्यावरची निळी भिंत

१

दुपारी दीड वाजता आमची जेवणं होतात. मग आई भांडी घासून पालथी घालतात, ओल्या हातांनी एकदा माझ्या दाराशी येतात, "मी पडतो वं जराशी" म्हणतात आणि बोळातून आतल्या खोलीत जातात. आई म्हणजे माझ्या सासूबाई, मीराबाई. नागपुरात इंदोऱ्यातल्या या फ्लॅटमध्ये आता आम्ही दोघीच राहतो. त्या गेल्या की मी संगणकापुढे बसते. टेबल भिंतीला लावलेलं आहे, त्यामुळे खोलीचं दार माझ्या पाठीमागे येतं.

आमचा सात जणांचा स्टुडिओ बस चालवायचा एक गेम बनवतो. खेळणारा ड्रायव्हर होतो आणि नागपूरहून काटोल, सावनेर, कुही अशा खऱ्या रस्त्यांवर बस हाकतो. त्या रस्त्यांवरची घरं संगणकात आधी नुसती कोरी खोकी असतात. उशीवर अभ्रा चढवावा तसे त्यांच्यावर खऱ्या भिंतींचे, पत्र्यांचे, दारांचे फोटो चढवावे लागतात. त्यांना आम्ही टेक्स्चर म्हणतो. टेक्स्चरची फाईल बिघडली की भिंतीवर रेघोट्या उमटतात, चौकोन दिसतात, कधी सगळी भिंतच झगझगीत गुलाबी होते. अशा फाईली शोधून नीट करणं हे माझं काम.

गेम बरोबर जमलाय की नाही हे पाहायला स्टुडिओने सावनेरच्या महादेवरावांना धरलं होतं. एकतीस वर्षं एसटी चालवून निवृत्त झालेला माणूस. गेममध्येही ते थांबा आला की आधी सिग्नल देऊन गाडी डावीकडे घेत. फेब्रुवारीतल्या एका दुपारी त्यांचा फोन आला.

"मेघा बेटा, काटोल रोडवर कळमेश्वरच्या पुढं तो फाट्यावरचा थांबा हाय ना, तिथली भिंत खराब झाली."

"गुलाबी दिसते का काका?"

"गुलाबी नाही. उभ्या रेघा हायेत. पाणी उतरल्यावानी."

ती भिंत मला माहीत होती. निळीच्या रंगाने सारवल्यासारखी, खाली दगडी ओटा, वर एक बुजवलेला कोनाडा. तिचा फोटो प्रीतमने काढला होता. प्रीतम माझा नवरा. दोन वर्षं तो मोटारसायकलवर कॅमेरा बांधून गावोगावच्या भिंतींचे फोटो काढत फिरला. मागच्या ऑगस्टमध्ये तो गेला. अडतीस वर्षांचा होता.

मी जुनी प्रत काढून खराब फाईलच्या जागी टाकली. दोन मिनिटांचं काम. "पाहा काका आता," म्हटलं. ते म्हणाले, "झाली. मस्त निळी झाली."

२

दुसऱ्या दिवशी ती परत बिघडली. तिसऱ्या दिवशीही.

असं होऊ शकतं. डिस्क खराब होत असते, मेमरी दगा देते, फाईल पाठवताना मध्येच इंटरनेट तुटतं. मी एकेक गोष्ट तपासत गेले. डिस्क बदलली. मेमरी काढून दुसरी लावली. व्हायरस शोधला. सर्व्हरवर प्रत्येक फाईलच्या सगळ्या आवृत्त्या राहतात, कधी बदलली त्या वेळेसह. ती यादी उघडली. आमच्या गेममध्ये टेक्स्चरच्या एकतीस हजार फाईली आहेत. बिघडत होती ती एकच, आणि रोज दुपारी दोन वाजून चाळीस मिनिटांनी. कोणी बदलली त्या रकान्यात माझंच नाव होतं, कारण ती माझ्याच संगणकावरून बदलत होती. मी तिला हातही लावलेला नसायचा.

पाचव्या दिवशी महादेवरावांनी फोन केला तेव्हा ते जरा थांबून थांबून बोलत होते.

"बेटा, त्या भिंतीत खोली दिसून राहिली."

"खोली?"

"हो. आतमधी कोणीतरी बसून हाय. पाठमोरं. तुम्ही मुद्दाम टाकलं का?"

मी फाईल उघडली. रेघा होत्याच, पण त्यांच्यामागे काहीतरी जुळून आलं होतं. उजवीकडे खिडकीची जाळी. मध्ये टेबल. टेबलावर उजेडाचा चौकोन, म्हणजे पडदा चालू असलेला संगणक. त्याच्यासमोर खुर्चीत एक बाई, पाठ इकडे, केस क्लिपने वर बांधलेले. अंगात मोहरी रंगाचा कुर्ता.

मी खाली माझ्या बाहीकडे पाहिलं. सकाळी मी कपाटातून मोहरी रंगाचा कुर्ता काढला होता.

३

माणूस घाबरला की आधी हिशेबी होतो, निदान मी तरी होते. संगणकाचा कॅमेरा माझ्या तोंडासमोर आहे, त्याला माझी पाठ दिसणं शक्य नाही. खोलीत दुसरा कॅमेरा नाही. तरी मी स्टुलावर चढून दाराची चौकट चाचपली, बोळातला दिवा उघडून पाहिला, आईंचा साधा बटणांचा फोनही उलटसुलट करून पाहिला. आई आत भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. बाहेरच्या दाराला कडी होती.

मग मी ते चित्र मोजलं. टेबलाची कड किती खाली दिसते, खिडकीची चौकट कुठे कापली जाते, यावरून बघणाऱ्याचे डोळे किती उंचावर आहेत ते काढता येतं. आमच्या कामात ते रोज करावं लागतं. जमिनीपासून पाच फूट सहा इंच आलं. उंबऱ्याच्या आत एक पाऊल.

प्रीतम पाच फूट दहा होता. तो दारात उभा राहिला की त्याचे डोळे बरोबर तेवढ्या उंचीवर यायचे.

इथे मला एक सांगायला हवं, जे मी तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. तो गेला त्या बुधवारी दुपारी मी अशीच बसले होते. कानांवर हेडफोन होते. आई त्यांच्या बहिणीकडे कुहीला गेल्या होत्या. प्रीतम दारात आला आणि काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत, फक्त आवाज आहे एवढं कळलं. मी वळले नाही. नुसता हात वर केला, एक मिनिट. तो थोडा वेळ उभा राहिला असावा. मग गेला. माझं काम चाळीस मिनिटांनी, तीन वीसला झालं. हेडफोन काढून मी आत गेले, तेव्हा तो पलंगावर कुशीवर झोपला होता, आणि झोपलेला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं, कुणाच्या हातात काही नव्हतं. सगळ्यांनी तेच सांगितलं. पण तो काय बोलला, हे मला कोण सांगणार होतं?

४

त्यानंतर मी फाईल नीट करणं सोडलं.

अडीच वाजता मी सगळं बाजूला ठेवून बसायचे. हेडफोन नाहीत. पंखा कमी वेगावर. वरच्या मजल्यावर कुणी मिक्सर चालवायचं, खिडकीत कबुतर घुमायचं, आत आईंचा श्वास ऐकू यायचा. दोन चाळीस झाले की बोळात काहीतरी व्हायचं. त्याला आवाज म्हणता येणार नाही. आईंच्या खोलीतल्या पंख्याचा आवाज रिकाम्या बोळातून जसा येतो तसा तो येईनासा व्हायचा, मध्ये कुणी उभं राहिल्यासारखा. मग मी फाईल उघडायचे, आणि त्यात मी असायचे. त्या दिवशीचे कपडे, त्या दिवशीचे विस्कटलेले केस.

रोज चित्र थोडं जवळून असायचं. उंबरा. मग कपाट. मग खोलीच्या मध्यावरची चटई. रेघा विरत चालल्या होत्या. मला भीती वाटायची. आणि तरी सकाळी उठल्यापासून मी दुपारची वाट पाहायचे. कुर्ता निवडून घालायचे. एके दिवशी पांढऱ्या फुलांचा निळा काढला, तो त्याला आवडायचा.

"आज कुठं जायचं हाय का वं?" आईंनी विचारलं.

"नाही. असंच."

अकराव्या दिवशीच्या चित्रात फक्त माझी मान होती. क्लिपमधून सुटलेली एक बट आणि गळ्यातल्या दोऱ्याची गाठ. इतक्या जवळून मला कोणी सहा महिन्यांत पाहिलं नव्हतं. मी चित्र पाहत होते आणि माझ्या मानेवरची ती बट हलली. पंख्याने हलली असेल. मी स्वतःला तेच सांगितलं. पण पंखा उजवीकडे होता आणि बट उजवीकडेच सरकली.

मी गर्रकन वळले.

दार. पडदा. बोळातल्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. कुणी नव्हतं.

त्यानंतर दोन दिवस फाईल बदललीच नाही. ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगता येत नाही. तिसऱ्या दिवशी चित्र आलं ते परत दारातून, अगदी पहिल्यासारखं लांबून. माझ्या वळण्याने तो मागे गेला होता. मी तेव्हाच ठरवलं, आता वळायचं नाही. कितीही वाटलं तरी नाही.

त्याच संध्याकाळी गार्गीचा फोन आला. गार्गी आमची प्रमुख.

"मेघा, एका भिंतीला दोन आठवडे? आणि तू तिथे कुठल्या तरी खोलीचा फोटो चढवलायस, तुझाच आहे का तो?"

"चुकून गेला."

"हे बघ, मी समजू शकते. प्रीतमने काढलेला फोटो आहे म्हणून तू ती फाईल सोडत नाहीयेस. पण सोमवारी हा रस्ता लोकांसाठी खुला करायचाय. उद्या जा, त्या भिंतीचा नवा फोटो काढ, नवीन फाईल बनव. जुनी काढून टाक."

"काढून टाकू?"

"गेममधून गं. तुझ्याकडे ठेव हवी तर."

५

फोन ठेवून वळले तर आई खुर्चीमागे उभ्या होत्या. त्यांनी चष्मा लावला होता. पडद्यावर ते चित्र उघडंच होतं.

"हे आपलंच घर हाय ना?"

"हो."

"कोणं काढला हा फोटो?"

त्या पुढे झाल्या, पडद्याजवळ वाकल्या, मग मागे वळून दाराकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे. शाळेत फार गेल्या नसल्या तरी आईंना नजरेचं माप कळतं. आयुष्यभर शिवणकाम केलंय त्यांनी.

"दारातून काढला हाय," त्या म्हणाल्या. "उंच माणसानं."

मग मी सगळं सांगितलं. रोजचं चित्र, दोन चाळीस, मानेवरची बट. आणि तो बुधवार. वर केलेला हातही सांगितला. सांगताना मी जमिनीकडे पाहत होते. मला वाटलं आता त्या म्हणतील ते मी जन्मभर विसरणार नाही.

"मले काहून नाही सांगतलं?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला काय वाटलं असतं आई. मी वळले असते तर..."

"त्याचं नाही म्हणून राहिलो मी." त्यांचा आवाज एकदम चिरका झाला. "हे, हे. पंधरा दिवसापासून तो घरात येऊन राहिला अन् मी बाजूच्या खोलीत झोपून राहतो! मले उठवाचं नाही? माय होतो ना मी त्याची?"

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी सोडवून घेतला. मग स्वतःच परत धरला.

"उद्या मी येतो त्या भिंतीपाशी," त्या म्हणाल्या. "त्यानं पाहेलं हाय ते मले पाहाचं हाय."

६

सकाळी गणेशपेठच्या बसस्टँडवरून काटोलची गाडी धरली. कळमेश्वर सुटलं आणि दोन्ही बाजूंनी संत्र्याच्या बागा लागल्या. आंबियाचा बहार फुलला होता, बसमध्येही वास येत होता. फाट्यावर आम्ही दोघीच उतरलो.

भिंत होती तशीच होती. मागच्या घराला कुलूप. निळा रंग उन्हात थोडा उडालेला, ओट्याचा एक दगड सैल. मी फोटो काढले, जवळून, लांबून, सावली सरकल्यावर परत. आई ओट्यावर बसून राहिल्या. मधूनच मागे हात नेऊन भिंतीवर टेकवायच्या, ताप पाहावा तसा.

"इथं तर कायच नाही वं," शेवटी त्या म्हणाल्या.

परतीची गाडी लवकर आली नाही. दोन चाळीस तिथेच झाले. मी घड्याळाकडे पाहिलं, आईंनी माझ्याकडे पाहिलं. घरी या वेळी खुर्ची रिकामी असेल, हे दोघींच्याही मनात आलं. दहा मिनिटांनी गाडी आली. फेटरी गावाच्या जवळ समोरून काटोलकडे जाणारी बस गेली, आमच्या ड्रायव्हरने तिच्या ड्रायव्हरला हात केला. एवढंच.

पावणेपाचला घरी पोचलो. मी चपलाही न काढता संगणक उघडला. आई शेजारी उभ्या राहिल्या.

त्या दिवशी फाईल एकदा नाही, सात वेळा बदलली होती. मी यादीतल्या आवृत्त्या ओळीने उघडल्या. दोन चाळीसला खोली, टेबल, रिकामी खुर्ची. तीन मिनिटांनी स्वयंपाकघर, पालथी भांडी. मग आईंची गादी, तिच्यावर घडी केलेली चादर. मग जिना, वरून खाली. मग फाटकाबाहेरचा रस्ता, त्यात एक ऑटो. नंतरचं चित्र धूसर होतं. धूळ बसलेली एक काच, काचेपलीकडे दुसरी बस समोरून येत असलेली. वेळ होती तीन छत्तीस.

मी आमच्या तिकिटावर वेळ पाहिली, मनातल्या मनात किलोमीटर धरले. तीन छत्तीसला आम्ही फेटरीजवळ होतो.

शेवटचं चित्र चार वीसचं होतं. निळी भिंत. एकही रेघ नाही. ओटा रिकामा.

"आपल्याले शोधाले गेला," आई म्हणाल्या. त्या खाली बसल्या, तिथेच, फरशीवर. "तो तिकडं गेला अन् आपण इकडं आलो. अरे माया लेकरा. चुकामूक झाली गा."

७

नवी भिंत मी गार्गीला पाठवली. तिने "अखेर!" एवढंच लिहिलं. सोमवारी रस्ता सुरू झाला. जुनी फाईल आता गेममध्ये नव्हती, फक्त माझ्या संगणकावर आणि सर्व्हरच्या यादीत होती, आणि ती हलत नव्हती. चार दिवस दोन चाळीसला मी दाराकडे पाठ करून बसले. पंख्याचा आवाज बोळातून सरळ येत राहिला. फाईलमध्ये निळी भिंत आणि रिकामा ओटा.

"तो तिथंच हाय," आई म्हणाल्या. "घरचा रस्ता त्याले येत नसन आता. मी जातो."

"मी पण येते."

"दोघी गेलो अन् तो इकडं आला तर? एकीनं घरी राहाव." त्या साडी बदलत होत्या. "तू राय. तुया जवळच येत होता तो."

मी हो म्हटलं. खरं कारण सांगते. त्यांना एकटीला पाठवताना मला काळजी वाटायला हवी होती, आणि मला आनंद झाला. मला वाटलं, तो खुर्चीपाशीच येईल. आई तिकडे ओट्यावर बसतील आणि तो इकडे माझ्यामागे येऊन उभा राहील, आणि या वेळी मी ऐकेन.

अडीचला मी त्यांना फोन लावला. "चालूच ठेवा आई." त्यांनी तो मांडीवर ठेवला असावा. लांबून ट्रॅक्टर, बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा. मी फाईल उघडी ठेवली. पाठीमागे बोळ मोकळा होता.

दोन चाळीस.

भिंत तशीच होती, पण ओट्यावर आई होत्या. हिरवी साडी, मांडीवर फोन. खाली पाहत होत्या. पुढच्या चित्रात त्यांनी मान वर केली होती. एवढे दिवस त्या फाईलमध्ये मी फक्त पाठ पाहिली होती. आता समोरून चेहरा होता, सरळ माझ्याकडे पाहणारा. माझ्याकडे नाही, ज्याच्याकडे त्या पाहत होत्या त्याच्याकडे. त्या हसत होत्या. इतकं मोकळं हसताना मी त्यांना आमच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

फोनमध्ये त्यांचा आवाज आला, "ये. बस."

मग शांतता. मग, "जेवला का?"

परत शांतता, कुणी उत्तर देईल एवढी. मी फोन कानावर इतका दाबला की कान दुखला. वारा होता. दुसरं काही नव्हतं.

"तेच म्हटलं मी. हो. हो ना गा." आई म्हणत होत्या. "नाही, आता दुखत नाही गुडघा."

"आई!" मी ओरडले. "आई, मला बोलू द्या! त्याला विचारा, त्या दिवशी काय म्हणत होता विचारा!"

त्यांना ऐकू जात नव्हतं. चित्रं एकामागून एक बदलत होती. आईंचा चेहरा आता बाजूने होता, अगदी जवळ, कानातल्या कुडीजवळचा तीळ दिसेल इतका. तो त्यांच्या शेजारी बसला होता. मी पडद्याला हात लावला. काच कोमट होती, रोज असते तशी. माझ्यामागे संपूर्ण घर रिकामं होतं, आणि ते किती रिकामं आहे हे मला पहिल्यांदाच कळलं.

शेवटच्या चित्रात एक तळहात होता. सबंध चौकट भरून आलेला, बोटांच्या पेरांवर सुईने पडलेले बारीक काळे ठिपके. आई त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवत होत्या.

त्यानंतर फाईल उघडली नाही. आकार शून्य दाखवत होता. सर्व्हरवरची यादी काढली, तिथल्या जुन्या आवृत्त्याही सगळ्या शून्य.

८

आई साडेसहाला आल्या. मी जिन्यातच उभी होते. त्यांनी पिशवीतून संत्री काढून टोपलीत ठेवली, हातपाय धुतले आणि जेवायला वाढ म्हणाल्या. दोन भाकरी खाल्ल्या. मी समोर बसून राहिले.

"काय बोलला?" शेवटी विचारलं.

"मायलेकाचं बोलणं. सगळं थोडी सांगाचं रायते."

"माझं काही?"

त्या पाणी प्यायल्या. "इचारलं तुयाबद्दल. म्हणे, मेघाचं काम झालं का. मी म्हटलं, नाही झालं बापा अजून. लय काम रायते तिले."

"मग?"

"मंग काही नाही. म्हणे, होऊ दे. मी थांबतो."

त्यांनी हे माझ्या समाधानासाठी रचलं की खरंच तसं झालं, मला ठरवता आलं नाही. त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या शेंगदाण्याच्या चटणीचं बोट चाटत होत्या. त्या रात्री त्या गाढ झोपल्या. ऑगस्टपासून त्यांना अशी झोप आली नव्हती. मला मात्र तो एक शब्द पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिला. थांबतो. कुठे? कशासाठी?

आठवड्याने दुपारी महादेवरावांचा फोन आला. नवी भिंत एकदम बढिया, लोकं खूश आहेत, सावनेरचा रस्ता कधी आणता, असं बरंच बोलले. मग म्हणाले, "एक लहानसी गोष्ट हाय बेटा. त्या फाट्यावर तुम्ही एक सवारी उभी केली ना, ते चढतच नाही."

"कोणती सवारी काका? त्या थांब्यावर आम्ही माणूस ठेवलेलाच नाही."

"हाय ना. उंच हाय. रोज उभा रायते. मी गाडी लावतो, दार उघडतो, दोन-दोन मिनिटं थांबतो. दुसऱ्या थांब्यांवरच्या सवाऱ्या बराबर चढतात. तो फकस्त गाडीत वाकून पाहते, कोणी हाय का म्हणून. मंग मांगं सरकते."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"अन् त्याचा चेहरा नाही लागला, बेटा. कपडे, हातपाय, सगळं बराबर हाय. तोंड तेवढं कोरं. पाहाले कसंतरीच वाटते. नीट करून देता का?"

आत आई झोपल्या होत्या. प्रीतमच्या चेहऱ्याचे फोटो ज्या फोल्डरमध्ये होते तो मी सहा महिन्यांत उघडला नव्हता. समोरून काढलेला, चांगल्या उजेडातला एक मला आठवत होता.

"करते काका," मी म्हणाले. "आजच करते."